शेवटचा स

त्रिरश्मी डोंगराच्या डाव्या अंगाला, पाण्याच्या पोढीवर
बुधरखित गेरूनं अक्षरं आखत होता.
म्हणाला, बापाची तर वाचा गेली, तूच सांग पोरी,
दान दिलं कुणी म्हणून लिहू?

निकोस्त्रातोस, म्हटलं.
पुन्हा म्हण.
निकोस्त्रातोस.
छिन्नीवाला हसला. बुधरखित हसला नाही.
म्हणाला, आमच्या दगडावर जोडाक्षरं टिकत नाहीत गं,
चढ चढून येईस्तोवर हात सोडतात एकमेकांचा.

बाप खालच्या पायरीवर बसलेला,
अर्ध्या तोंडानं गोवर्धनाकडे बघत.
वाचा गेली तेव्हा आमची बोली आधी गेली,
मग नासिकच्या बाजारातली, घासाघिशीची.
उरले आकडे. हेन, दुओ, त्रिआ.
अजून रांजण मोजतो गलबतावरून उतरणारे,
इथे, जिथून समुद्र बैलाच्या पायानं कितीतरी मुक्काम लांब.

दोन कानांचे रांजण.
सामली कुंभारीण विचारायची, एवढे कान कशाला,
ऐकतं का काही?
पुढं तिनंच तसले घडवले
आणि तिचेच जास्त खपले.

भरुकच्छाहून त्यानं द्राक्षाच्या काड्या आणल्या होत्या
ओल्या फडक्यात, लेकरासारख्या.
पानं आली. एवढी मोठी पानं.
ही माती द्राक्षाची नव्हे, सगळे म्हणाले,
आणि शेळीनं ते खरं केलं.

मला त्यानं नाव दिलं मेलित्ता. मधमाशी.
आईनं अंगणातून हाक मारली, मेली, अगं मेली,
आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.
तेव्हापासून मी मित्ता.

पण सगळ्यात जपला तो विस्तव.
त्याचे लोक म्हणे गाव सोडताना
गावच्या चुलीतला निखारा घेऊन निघत, मडक्यात.
कुणा खापरपणज्यानं उचललेला;
समुद्र, मग सिंधूकाठचं गाव, मग शूर्पारक, मग घाट,
प्रत्येक मुक्कामी फुंकलेला.
रोजचा पहिला घास त्याला.
हेस्तिया, म्हणायचा हळूच,
थोरल्या बहिणीला उठवावं तसं.

मी नऊ वर्षांची. गोदा घरात शिरली त्या साली
तो विझला. बाप घाटाखाली होता.
आईनं राख चाळली. फुंकून फुंकून डोळे लाल.
मग परळ पदराखाली घेऊन मागच्या दारानं
सामलीकडे गेली.
थोडा विस्तव दे गं.

बाप आला. हात धुतले. घास टाकला. हेस्तिया.
आम्ही दोघी ताटात बघत राहिलो.
सामलीनं हे कुणापाशी काढलं नाही.
फक्त आमच्याकडे आली की चुलीपाशी वाकायची
आणि विचारायची,
बरी आहेस ना बाई, सासरी?

झालं लिहून, बुधरखित म्हणाला. वाचतो.
योनकस निकोसततस देयधम पोढी.
शेवटचा स कुठला? मी विचारलं.
स म्हणजे चा. योनकाचा. निकोसतताचा.
पण तो तर त्याच्या नावातलाच.
बुधरखितनं बोटाचा गेरू धोतराला पुसला,
डोकं खाजवलं.
मग काय करू, दोन स लिहू?

बघितलं खाली. बापाची मान जरा कललेली,
आई असती तर तिला विचारलं असतं.
नको, म्हटलं, एकच राहू दे,
ज्याला जसा लागेल तसा वाचेल.

पोढीत थेंब पडत होते वरच्या कपारीतून
आणि बाप ते मोजत होता.
हेन.
दुओ.
पुढं त्रिआ म्हणाला की आमचं तिनि,
ऐकू नाही आलं, छिन्नी सुरू झाली होती.