चेंडू रेषेवर

रॉदरहॅमच्या या हॉलमध्ये बॅडमिंटनच्या रेघा पिवळ्या,
नेटबॉलच्या लाल. आमच्या निळ्या,
पुसट, शोधाव्या लागतात.

युरोपच्या पात्रता फेरीला घड्याळ माझ्या हाती होतं.
फुटसालमध्ये चेंडू बाहेर गेला
की वेळही बाहेर बसते.

अकरा सेकंद उरले असता ग्लिन हॅरॉपनं टाच लावली.
खांबाला लागून तो जड, न उसळणारा चेंडू
रेषेवरच बसला, हट्टी पोरासारखा,
वर त्यांचा गोलकीपर आडवा.
रेषेवर म्हणजे खेळातच.
घड्याळ चालू राहिलं.

पुढं पैसे आटले, संघ मोडला.
स्पर्धेच्या इतिहासात आम्ही एक ओळ,
तीही तळाची.

ग्लिन आता इथं टपाल टाकतो.
"थांबवायचंस ना," म्हणतो.
मी सही करतो, तारखेसकट.