रंगीत तालीम

पाच माणसं येणार आहेत, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात.
आई, बाप, दोन मुलं,
आणि एक आजी, जिच्या गुडघ्यात आता हाडाऐवजी धातू आहे.
पत्रात लिहिलंय: धाकटीला पाण्याची भीती वाटते,
शेंगदाणे कुणालाच चालत नाहीत,
आणि हो, आम्हाला घाई नको.

घाई नको, हे मी तीनदा वाचलं.
मग वहीत लिहिलं: सकाळी सहा, चहा.
सव्वासहा, निघणे.

मोझा खांद्यावरून डोकावली.
"तुझ्या वहीत बाईमाणसाला केस विंचरायलाही वेळ नाही.
आधी आम्हालाच ने एकदा. तालीम म्हणून.
कुठे पाय दुखतात ते तरी कळेल."

चौदा वर्षं मी लोकांना पेंबा दाखवतोय.
मिसाली बेट मोझाने पाहिलं होतं ते परसातून,
वाळत घातलेल्या कपड्यांच्या पलीकडे,
एक हिरवी रेघ.

तर गुरुवारी निघालो. हामादीची होडी, डिझेल उधार.
मोझा झाली आई. धातूचा गुडघा सासूबाईंकडे.
तातूबाईंनी भूमिका फारच मनावर घेतली,
सकाळभर उजव्या पायाने लंगडल्या,
जेवणानंतर डाव्या.

लवंगांच्या बागेत थांबून त्यांनी विचारलं,
"आणि हे कसलं झाड म्हणायचं?"
पन्नास हंगाम लवंग खुडलेली बाई,
बोटांची टोकं अजून तपकिरी.
मीही मग घसा साफ केला.
ही लवंग. कळी उमलायच्या आत खुडायची,
देठ वेगळे, कळ्या वेगळ्या,
चटईवर तीन-चार उन्हं.
त्या मान हलवत होत्या, जणू पहिल्यांदाच ऐकतायत.
"खुडणाऱ्याला काय सुटतं?"
हा प्रश्न मला आजवर एकाही पाहुण्याने विचारला नव्हता.
मी आकडा सांगितला.
"गाइडला बरंच माहीत आहे," त्या म्हणाल्या
आणि पुढे चालू लागल्या, न लंगडता.

किडिकेच्या जंगलात वटवाघळं, कोंबडीएवढी, उलटी.
वहीत अर्धा तास.
नासोरने एकशे बारा मोजली आणि मोजता मोजता
माझ्या चपलांवर डोकं ठेवून झोपला.
उठवायचं कुणी?

मिसालीला ओहोटी होती.
रय्याकडे धाकटीची भूमिका: पाण्याला भिणारी.
गुडघाभर पाण्यात ती उभी राहिली,
माझं एक बोट मुठीत.
"छान करतेस," मी म्हटलं, "अगदी खरं वाटतंय."
तिने बोट सोडलं नाही.
"बाबा, हे खोटं खोटं नाहीये."

नऊ वर्षांची पोर.
जिच्या उशाशी रात्रभर समुद्र वाजतो.

परक्यांच्या किती मुलांना मी तरंगायला शिकवलं:
पाठीखाली तळवा, कान पाण्यात,
श्वास दहापर्यंत मोजायचा.
रविवारी, ईदच्या दुसऱ्या दिवशी, तापातसुद्धा.

मी तिच्या पाठीखाली तळवा ठेवला.
एक. दोन. पुन्हा एक.
भरती फिरली, हामादीने दोनदा शीळ घातली.
वही होडीत होती.
तातूबाई लांबून ओरडल्या,
"आजीला घाई नाहीये रे!"

रात्री मी खाडाखोड केली.
सहाचे साडेसात.
वटवाघळं: मुलगा उठेपर्यंत.
मिसालीपुढे वेळ लिहिली नाही, फक्त भरतीची तारीख.
डिझेलचे पैसे कुठल्या खात्यात घालावेत हे कळेना,
ती ओळ रिकामीच ठेवली.
आणि शेवटी, विसरण्याआधी:
धक्क्याला पायऱ्या अकरा.
तातूबाई सातवीवर बसल्या होत्या.
तिथे खुर्ची ठेवणे.
घरचीच न्यायची, लाकडी, हात असलेली.