मूठभर नाचणी वजा

नकाशात तिथं नुसता हिरवा रंग आहे.
गगनबावड्याकडची शेवटची एसटी जिथं वळते
तिथून दीड तास चढ.
वाटेत गव्याचं ताजं शेण दिसलं
तर थांबायचं, मोठ्यानं खोकायचं, मग पाऊल टाकायचं.
प्रशिक्षणात हे नव्हतं.

पहिल्या खेपेला काटा आढ्याला टांगला,
झोळी अडकवली,
आणि भागू येडगेकडं पोर मागितलं.
तिनं ते पदराआड घेतलं.
ठकूआजी दारातनं म्हणाली,
"जोखायला? इकायचं हाय व्हय त्याला?"
बाया हसल्या, मीही हसले,
आणि रकान्यात लिहिलं : नकार.

त्या महिन्यात सतरा नकार.
साहेब म्हणाले, सिस्टर, समुपदेशन कमी पडतंय.
मी कागलची. माझी आई
तान्ह्याला कुणी गुटगुटीत म्हटलं
की मीठमोहऱ्या घेऊन धावायची.
साहेबांच्या टेबलापुढं हे आठवलं,
बोलले नाही.

पुढं काटा पिशवीतच राहिला.
ताक प्याले. चपला गोठ्याबाहेर काढायच्या,
हे उशिरा कळलं, कुणी सांगितलं नव्हतं.
सोनाई झोरेला विचारलं, पाळी कधी चुकली?
"चांदी व्याली, तिच्या फुडच्या अवसंला."
चांदी म्हणजे म्हैस.
खाली उतरून डेअरीत गेले;
चांदीचं दूध कधीपासून आलं ते तिथं नोंदलेलं होतं.
त्यावरून सोनाईचे दिवस धरले.

मग एकदा आजीच नाचणीची मूठ घेऊन आली.
झोळीत आधी दाणे टाकले, मग पोर.
म्हणाली, "आता जोख.
आकडा नाचणीचा. पोराचा न्हवं."
मी नाचणी वेगळी जोखून घेतली.
दीडशे ग्रॅम.
ती नंतर कोंबड्यांना जाते, घरात शिजवत नाहीत.

पौषात रात्री बिरू बॅटरी घेऊन आला.
सोनाई आढ्याच्या दोराला धरून उकिडवी,
मागं गुडघ्यांचा टेका देऊन आजी.
आमच्या भिंतीवरच्या चित्रात बाई उताणी असते.
हातमोजे घालून मी जमिनीवर बसले,
दिवा धर म्हटलं तसा धरला.
मुलगी झाली. वार पडली.
रक्त थांबेना.
आजीनं माझ्याकडं पाहिलं :
"तुजी सुई काढ."
अडीच वर्षांत तिनं मागितलेली पहिली गोष्ट.

सुईनं रक्त आवरलं; तरी उजाडता
डोलीतनं खाली न्यायची ठरलं.
सोनाई नको म्हणत होती.
गेल्या खेपेला कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात
तिचे गोठ उतरवून कागदाच्या पाकिटात घातले होते,
आजीला फाटकाबाहेर बसवलं होतं.
मी चिठ्ठीवर लिहिलं : हातातले गोठ काढू नयेत,
सोबत एक वडीलधारी बाई राहील.
चिठ्ठी कुणी वाचली, माहीत नाही.
तिसऱ्या दिवशी सोनाई परतली, गोठ हातात होते.

मुलीचं वजन : दोन किलो नऊशे,
वजा नाचणी.
ॲपमध्ये वजा करायला जागा नाही,
मी वहीच्या मागच्या पानावर करते.

आता ते पान बघत बसले आहे.
आजीची मूठ :
आखाडात दीडशे. दिवाळीला एकशे चाळीस.
सोनाईच्या मुलीच्या वेळी एकशे तीस.
काल एकशे दहा.
मूठ तीच, भरून घेतलेली,
बोटांच्या फटीतनं दाणे गळतात
आणि ती वाकून वेचत नाही.

खोकला किती दिवसांचा, विचारलं
तर म्हणाली, "धुराचा हाय."
थुंकी तपासायची डबी दिली,
तिनं त्यात तंबाखू ठेवली.

उद्या पुन्हा चढायचं आहे.
पोराला जोखायचा मार्ग तिनंच काढून दिला.
तिला जोखायची तर
झोळीत आधी काय टाकायचं,
हे कुणाला विचारू?