खेळाडू दोन

नुवानने कॉम्प्युटर विकला मला, साडेतीनशे दिरहमला.
मॉनिटर, कीबोर्ड, वर एक उशी फुकट.
कंट्रोलर नाही दिला. म्हणाला, बटण अडकतं त्याचं,
तुला काय उपयोग.

शारजात रोलाच्या मागे आमची खोली, मध्ये प्लायवूड.
अलीकडे मी, पलीकडे तो.
एसीचं तोंड त्याच्या बाजूला.

काल ड्यूटीवरून आलो, मशीन लावलं,
बूट काढतोय तोवर
पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं:
खेळाडू दोन जोडला गेला.

वायर असती तर उपटली असती.
माझ्या संघातला एक जण
आपोआप डावीकडे धावत सुटला,
थेट रेषेबाहेर.
प्लायवूडमागे टक, टक. अडकणारं बटण.

त्याला पडदा दिसत नव्हता.
तरी मी पास दिला.
समोरच्याने त्याला आडवा केला,
आणि पलीकडे, गादीवर बहुतेक,
काहीतरी घुंई करून थरथरलं.

सेटिंगमध्ये ‘विसरा’ म्हणून एक बटण असतं.
त्यावर बाण नेऊन ठेवला,
तसाच उठून कालची आमटी गरम केली.
तीन महिने पगार नाही त्याचा, सगळ्या मजल्याला माहीत आहे.

ताट मांडीवर घेऊन भिंतीला म्हटलं,
राइट, नुवान.
राइटला पळ.