बाजारभावाप्रमाणे

वर्धा रोडवर, मेट्रोच्या खांबांना लागून,
सातव्या मजल्यावर कुणीतरी समुद्र उघडलाय.
प्रणित म्हणाला, मावशी, तुला न्यायचंच.
मिहानमधली नोकरी, पहिला पगार.

बाहेर मे महिना, रात्री आठलाही डांबर मऊ.
आत निळे दिवे, भिंतीतून लाटांचा आवाज,
दर चार मिनिटांनी तीच लाट.
मी मोजली. मेडिकल चौकात वीस वर्षं
खानावळ चालवलेल्या बाईला मोजायची खोड असते:
पोळ्या, डबे, उधाऱ्या. आता लाटा.

मेन्यू पाटीएवढा जड.
सुरमईपुढे आकडाच नव्हता,
लिहिलं होतं, बाजारभावाप्रमाणे.
माझ्या फळ्यावर मी असं लिहिलं असतं
तर होस्टेलच्या पोरांनी ताटं वाजवली असती.

वेटर आला. काळं जाकीट, पाठ ताठ,
छातीवर पितळी पट्टी: खेमराज.
‘गुड इव्हिनिंग मॅडम, आजचा फ्रेश कॅच...’
प्रणितनं अशी मान डोलावली
जशी त्याची मुंज किनाऱ्यावर लागली होती.
मग त्याचा फोन वाजला, तो बाहेर गेला.
पाणी ओतता ओतता पट्टीमागचा मुलगा वाकला:
‘मावशी, सुरमई नोका घेऊ.
पेटी आयतवारची हाय.’

त्या दिवशी बुधवार होता.

प्रणित परतला. म्हणाला, ‘सुरमई. अख्खी.’
मी काय बोलणार होते?
पहिल्या पगाराला शिळा म्हणता येत नाही.

ती आली, डोळ्यावर लिंबाची चकती ठेवून.
खेमराजनं दोन चमचे घेतले,
पाठीच्या रेघेवर एकदाच टेकवले
आणि सबंध काटा उचलला
शेपटीपासून डोक्यापर्यंत, एक टोकही न मोडता.
हे ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.
‘कोण्या गावचा रे तू?’
‘पवनी.’ मग आवाज खाली आणून,
‘वैनगंगेवरचे. आमी ढिवर.’
‘समुद्र पाह्यला?’
‘नाई ना. इथंच आयकतो,’
भिंतीकडे हनुवटी करून.

मासा आंबूस लागला नाही.
मसाल्यानं लागू दिला नाही.
ती युक्ती मलाही येते, मी केलेली आहे,
रविवारच्या मटणाची, सोमवारी.
‘छान आहे रे,’ म्हणाले.
प्रणितचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे.
बिल त्यानं टेबलाखाली धरून वाचलं.

परतताना गोळीबार चौकात
गाडी आपोआप हळू झाली.
‘मावशी, तुला भूक आहे का गं?’
पत्र्याखालचा बाक, एक पाय आखूड.
सावजी रश्श्यावर बोटभर तेल,
मालक विचारत नव्हता, वाढतच होता.
प्रणितचं नाक वाहायला लागलं,
त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं,
आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच
ऑफिसात त्याला कोण छळतं ते सांगितलं.
पोळी बुडवत बुडवत, नाव घेऊन.

निघताना मी खेमराजला पत्ता दिला होता,
त्यांच्याच नॅपकिनवर, त्यांच्याच पेननं.
झिंगे मिळाले तर आण, म्हटलं होतं.
विसरलेही होते.

तीन आठवड्यांनी, सकाळी सहाला,
फाटकाशी सायकलची घंटी.
जाकिटाशिवाय तो केवढासा दिसला,
बनियनवर, केस उभे.
ॲल्युमिनियमच्या डब्यात ओल्या फडक्याखाली झिंगे,
एकाच्या मिशा अजून हलत होत्या.
‘किती झाले?’

त्यानं पाठ ताठ केली,
एक हात मागे घेतला,
‘बाजारभावाप्रमाणे, मॅडम.’

मी एक झिंगा उचलून त्याच्या अंगावर फेकला.
मग म्हणाला, दोनशे ऐंशी.
मी अडीचशे दिले, आणि चहा.