वारस रेकॉर्डवर

आप्पा, तुमची डायरी अजून चालू आहे.
तुम्ही गेलात गुरुवारी.
शुक्रवारच्या पानावर तुमच्याच अक्षरात:
रे. मु. नं. २१४, विहीर, पुरावा.
आणि खाली, बारीक: नीराचा दात हलतोय, बघणे.

एकेक पान उलटते, एकेक फोन करते.
कागद घेऊन जा, दुसरे वकील बघा.
सांगरूळच्या कांचनबाई,
विहिरीत चार आण्यांचा हिस्सा, दावा एकवीस वर्षं,
म्हणाल्या, "गेले म्हंजे?
पुढची तारीख तर त्यांनीच दिलीया की."
मी गप्प.
तुम्ही असता तर टिपून घेतलं असतं:
साक्षीदार उत्तर देत नाही.

हिवाळ्यात कोर्ट सुटायचं आणि दिवस मावळायचा
जवळजवळ एकाच वेळी.
सीपीआरसमोरून शाहूपुरी चौथी गल्ली,
मध्ये व्हीनस कॉर्नरची गर्दी,
आणि मागे लागलेला अंधार.
आई ताट वाढून दारात, आकाशाकडे बघत.
पोहोचलात तर जेवायचात, पाच मिनिटांत.
नाही पोहोचलात तर तोंड धुऊन
सरळ पक्षकारांत जाऊन बसायचात.
त्यांना चहा, तुम्हाला पाण्याचा घोटही नाही,
रात्री अकरापर्यंत सातबारा.
मला वाटायचं, आप्पांना भूकच लागत नाही.
हे मला कळलं माझं लग्न झाल्यावर,
तेही आईकडून.

कौतुक तुम्हाला जमलं नाही कधी.
दहावीचा निकाल घेऊन आले
तर उलटतपासणी: भूगोलात सहा गुण कुठे गेले?
"खरं सांग, पण थोडक्यात सांग."
जावयालाही हेच.
तो अजून आपल्या घरात शिरताना शर्टाचं वरचं बटण लावतो.

मग नातवंडं आली आणि न्यायाधीश फितूर झाला.
हिरव्या लेजर कागदावर, वर दोन रुपयांचं खरं तिकीट:
वादी नीरा, वय सहा, धंदा शाळा.
प्रतिवादी सम्यक, वय नऊ, धंदा त्रास देणे.
मागणी, सायकलचा ताबा.
अंतरिम हुकूम: सोमवार ते बुधवार वादीकडे,
गुरुवार ते शनिवार प्रतिवादीकडे,
रविवारी सायकल विश्रांती घेईल
आणि आजोबा हवा भरतील.
इतका स्पष्ट निकाल
कांचनबाईंना एकवीस वर्षांत मिळाला नाही.

खंडपीठासाठी साखळी उपोषणाला बसायचात,
म्हणायचात, आम्हाला सवय आहे, आमचं काय जातंय.
मुंबईला हेलपाटे घालून माणूस
ज्या जमिनीसाठी भांडतो तीच विकतो,
हे सांगताना मात्र आवाज चढायचा.
तुम्ही गेलात, आणि दीड-दोन महिन्यांत
त्याच जुन्या इमारतीत बेंच आलं.
फटाके आमच्या गल्लीपर्यंत ऐकू आले.
आईनं खिडकी लावली नाही.

काल तुमचा काळा कोट ड्रायक्लीनला द्यायला काढला.
खिशात दोन लवंगा, कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सची चिठ्ठी,
एक घडी घातलेला कागद, त्यात तांदळाएवढा दात,
वर लिहिलेलं: निशाणी १.
म्हणजे तो पडला होता. बुधवारीच.
तुम्ही बघितला होता.
डायरीत तेवढी एक नोंद खोडायची राहिली.
कोट परत टांगला.

पक्षकार मयत झाला तर नव्वद दिवसांत
वारस रेकॉर्डवर आणायचे, नाहीतर दावा संपतो.
हे मला पाठ आहे, जेवताना ऐकून ऐकून.
वकील मयत झाला तर काय,
ते कधी निघालं नाही बोलण्यात.

आज संध्याकाळी नीरा आली, हातात वहीचा फाटका कागद.
सम्यकनं हुकूम मोडलाय.
ऑफिसच्या दारात उभी राहून विचारते,
कोर्ट आता कुठं बसतं?

आईनं आत ताट वाढलं होतं, उजेड होता अजून.
मी तुमच्या खुर्चीत बसले. ती मला उंच होते.
डायरी उघडली. शनिवार रिकामा होता.
माझ्या अक्षरात लिहिलं:
सायकल. दोन्ही पक्ष हजर राहणे.