कमी दाबाने

बुधवारच्या पेपरात चौकट होती :
देखभाल दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद,
शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येईल.
मुजावर सरांनी ती कात्रीने कापून
सर्व्हरच्या रॅकला चिकटवली.
म्हणाले, आपलीही नोटीस हीच,
वेगळी काढायला नको.

रास्ता पेठ, रात्रीचे सव्वादोन.
खाली रक्तपेढीत आल्हाट सिस्टर
कार्बन घालून वही तयार ठेवतायत.
यंत्र झोपलं की पिशव्यांचे नंबर पुन्हा हाताने :
ओ निगेटिव्ह चार, एबी पॉझिटिव्ह अकरा.

हे यंत्र अकराशे सदतीस दिवस बंद झालेलं नाही.
सरांना त्याचा अभिमान, मला धास्ती.
अपडेट साचत गेले,
सोसायटीच्या पेटीत सोडून गेलेल्या भाडेकरूची
पत्रं साचतात तसे.
दर महिन्याला मी म्हणायचे, लावूया.
सर म्हणायचे, चालतंय ना? मग हात लावू नकोस.
आणि चालत होतं,
हीच तर अडचण.

शनिवारी ते निवृत्त.
नवं कर्नल आज चढवायचं,
आणि यादीतून सरांचं नाव आजच काढायचं.
आधी नाव काढ, ते म्हणाले,
नाहीतर अडलीस की माझ्याकडे बघशील.

रूटचा पासवर्ड अकाउंट्सच्या तिजोरीत,
लाखेचं सील लावलेल्या पाकिटात आहे.
सतरा वर्षांत ते दोनदाच फुटलं.
नदीचं मूळ, ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
सर म्हणायचे, रूटने काय केलं हेही
नंतर विचारून उपयोग नसतो,
तिथे सगळ्यांचं नाव एकच.
म्हणून आपल्या नावानेच आत यायचं,
लागेल तेवढ्यापुरतं सुडो म्हणायचं,
आणि मागे आपलं नाव राहू द्यायचं.

ती फाइल साध्या एडिटरने उघडत नाहीत.
एक चिन्ह चुकलं की दार बंद, किल्ली आत.
तिच्यासाठी वेगळी आज्ञा आहे,
जतन करण्याआधी ती व्याकरण तपासते
आणि चुकलं तर पुण्यातल्यासारखं
थेट तोंडावर सांगते.
सरांची ओळ सापडली.
सगळं, सगळीकडे, कुणाच्याही नावाने.
डी दोनदा दाबलं.
ओळ गेली. खालची ओळ वर सरकली,
ती माझी होती.

बघू दे, म्हणून सर खुर्चीत बसले.
पासवर्ड टाइप केला. पडद्यावर
ठिपकासुद्धा उमटत नाही तेव्हा.
मग यंत्राने सांगितलं :
हे नाव यादीत नाही,
घडल्या प्रकाराची माहिती कळवली जाईल.
सर हसले, खूप वेळ, चष्मा काढून.
सतरा वर्षं ही चुगली माझ्याच टपालात यायची.
बघ, तुझ्याकडे आली का?
आली होती.

मग रीबूट.
पंखे थांबले, आणि पहिल्यांदाच
बाहेर पेठेत कुत्रं भुंकतंय ते ऐकू आलं.
उत्तर नाही.
उत्तर नाही.
उत्तर नाही.
डिस्क स्वतःला तपासत होती,
तीन वर्षांचं एकदम.
सरांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.
मी त्यांच्याकडे बघितलं नाही.
खरं तर एकदा बघितलं.

सात मिनिटांनी एक ओळ आली.
मग थांबली. मग दुसरी.
खालून सिस्टरनी हाक मारली, आलं का हो?
सर जिन्यात वाकून म्हणाले,
आलं, कमी दाबाने.
त्यांनी वही मिटली नाही.
अजून दोन पिशव्या हातानेच लिहिल्या,
विश्वास बसेपर्यंत.

ते टपाल मी खोडलेलं नाही.
पहिलंच आहे, असू दे.

पहाटे घरी आले तर नळ कोरडा.
पिंप मात्र मी
रात्री निघायच्या आधीच भरून ठेवलं होतं.